गाडीखालचा डाग: जुन्या गाडीचं ऑइल आणि कूलंट नेमकं कुठून गळतं?

आजच्या एपिसोडमध्ये पाहुणे कुणी नाहीत. मीच आहे, आणि आमची गाडी आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिहून काढलेला भाग. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. एमएच-11, छोटी, पेट्रोलवर चालणारी, पंधरा वर्षं ओलांडलेली. आरटीओत जाऊन पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय, त्यामुळं कागदोपत्री ती ठणठणीत आहे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण इतक्या वर्षांनी रबर कुठल्याही कंपनीचं असो, ते कडक होतंच. नवी घ्यायची सध्या ऐपत नाही. आणि गाडी तर लागतेच. अण्णांची ट्रीटमेंट मिरजेला चालू आहे, दर तीन आठवड्यांनी जावं लागतं. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आपल्याकडची माणसं मिरजेलाच निघतात. सातारा ते मिरज एसटीनंही जाता येतं, पण इंजेक्शन घेतल्यावर परत येताना अण्णांना आडवं व्हावं लागतं. मागची सीट हाच त्यांचा पलंग. म्हणून या गाडीखाली पडणारा प्रत्येक थेंब आमच्या घरात चर्चेचा विषय असतो.

सुरुवात पार्किंगच्या फरशीवरून झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये खाली पांढऱ्या फरश्या आहेत आणि त्यावर काळा डाग पडायला लागला. शेजारच्या काकांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा फोटो काढून ग्रुपवर टाकला. मी गाडी घेऊन जवळच्या एका गॅरेजला गेलो. मिस्त्रींनी गाडी वर घेतली, खाली वाकून बॅटरी मारली आणि म्हणाले, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल येतंय, मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. उतरवलाच आहे तर क्लचप्लेट पण टाकून घ्या. नऊ-दहा हजार धरा.

मी घरी आलो आणि पैशांची जुळवाजुळव करायला लागलो. खरं सांगतो, त्या वेळी मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट खटकली. त्यांनी फक्त खालून बघितलं होतं. बॉनेट उघडलंच नव्हतं.

इथं पहिली समजून घ्यायची गोष्ट. थेंब जिथं पडतो तिथून तो निघालेला नसतो. घराचं छत गळतं तेव्हा पाणी एका कोपऱ्यातून शिरतं आणि पंख्याच्या हुकावरून टपकतं, तसंच हे. ऑइल वरून निघतं, ब्लॉकच्या कडेनं ओघळत येतं, सगळ्यात खालच्या टोकाला जमा होतं आणि तिथून पडतं. त्यात गाडी पळत असताना पुढून वारा लागतो, तो ऑइल मागं ढकलतो. त्यामुळं समोरच्या सीलमधून निघालेलं ऑइलसुद्धा मागच्या सांध्याला दिसू शकतं. जुन्या मिस्त्रींचा नियम सरळ आहे: सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधा. तिथून सुरुवात झालेली असते.

पण त्याही आधी, गळतंय काय ते ठरवा. मी फ्रिजचा जुना पुठ्ठा फाडून रात्री गाडीखाली अंथरला. पुठ्ठ्यावर पेननं चार चाकं काढली आणि 'पुढं' असं लिहिलं, म्हणजे सकाळी डाग कुठल्या भागाखाली आहे ते कळतं. सकाळी पुठ्ठा उजेडात नेऊन बघायचा, बोटाला लावून बघायचं, वास घ्यायचा.

इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं असतं, वापरलेलं काळपट तपकिरी, बोटांत गुळगुळीत. गिअर ऑइल जास्त चिकट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही. स्टीअरिंगचं ऑइल बऱ्याचदा लालसर असतं. कूलंट हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी, कसलंही असू शकतं. ते पाण्यासारखं पातळ असतं पण सुकल्यावर चिकट वाटतं आणि वास गोडसर. चव घेऊन बघू नका, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात, म्हणून सांडलेलं कूलंट धुऊनच टाका. एसीखाली पडणारं स्वच्छ पाणी मात्र पाणीच असतं, त्याची काळजी नको.

दोन डाग असे आहेत की ते दिसले तर पुढं काही तपासत बसायचं नाही. पेट्रोलचा वास असेल तर गाडी चालूच करू नका. आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या खालच्या भागात पातळ, पिवळसर, बुळबुळीत काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल. ती गाडी जागेवरून हलवायची नाही, मिस्त्रींना घरी बोलवायचं.

आमच्या पुठ्ठ्यावर दोन डाग होते. एक काळा, मोठा. दुसरा अगदी रुपयाएवढा, ओलसर, फिकट हिरवट. मी काळ्या डागाच्या मागं लागलो आणि हिरव्याकडं दुर्लक्ष केलं. ती चूक पुढं सांगतो.

काळ्या डागासाठी आधी इंजिन धुतलं. घाणेरड्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे चिखलात ओलं काय ते शोधणं. इंजिन पूर्ण थंड असताना डीग्रीझरचा स्प्रे मारला, जुन्या ब्रशनं घासलं, आणि अगदी हलक्या धारेनं पाणी टाकलं. अल्टरनेटर, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड आधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घेतलं होतं. काही जण रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुतात. रॉकेल थंड इंजिनावर एकवेळ ठीक, पेट्रोल अजिबात नको. प्रेशर वॉशरही नको, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की नवीनच दुखणं मागं लागतं.

सुकल्यावर टॅल्कम पावडर. हो, अंगाला लावायचीच. संशय असलेल्या सगळ्या सांध्यांवर ती पातळ भुरभुरली. फिरणाऱ्या बेल्टपासून लांब, आणि हात मध्ये न घालता. मग गाडी शाहूपुरीतून कासच्या रस्त्याला थोडी वर नेली आणि परत आणली, वीसेक मिनिटं. पांढऱ्या पावडरवर ऑइलची रेघ उमटते आणि ती कुठून सुरू झाली ते डोळ्यांनी दिसतं. जिथं डोकं जात नाही तिथं मोबाइल घातला. टॉर्च लावून व्हिडिओ चालू करायचा, फोन इंजिनाच्या मागच्या बाजूला हळूहळू फिरवायचा आणि मग बाहेर काढून बघायचं. एक सांगतो, रेडिएटरचा फॅन काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, त्यामुळं तिथं बोटं नकोत. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. स्टँड नसेल तर खालून बघायचं काम गॅरेजला.

व्हिडिओत जे दिसलं ते असं: टॅपेट कव्हरच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली होती. हेडच्या कडेनं खाली, ब्लॉकवरून, आणि थेट गिअरबॉक्सच्या सांध्यात. मागच्या सीलचा संबंधच नव्हता.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरचं झाकण. त्याखाली रबराचं पॅकिंग असतं. रोज गरम, रोज थंड, असं वर्षानुवर्षं झालं की ते रबर चेचलं जातं आणि प्लॅस्टिकसारखं कडक होतं. जुन्या गाड्यांत ऑइल गळायची ही सगळ्यात नेहमीची जागा. याची आणखी एक खूण असते. सिग्नलला थांबल्यावर जळकट वास येतो, कारण ऑइल सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डवर पडत असतं. पोवई नाक्याला थांबलो की अण्णा नाक मुरडायचे आणि मी पुढच्या ट्रकला दोष द्यायचो.

पॅकिंग दोनशेच्या आत मिळालं. ते दुसऱ्या एका मिस्त्रींकडून बसवून घेतलं. त्यांनी एक गोष्ट केली जी मला फार आवडली. पॅकिंग बदलण्याआधी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं टोपण उघडलं आणि त्यावर तळहात धरून बघितला. म्हणाले, "ब्रीदर जाम असला ना, तर कितीबी पॅकिंग बदला, परत गळणार." त्याचं कारण असं. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर काढायला ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही वॉल असतो. तो काजळीनं तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल जिथं कमजोर जागा मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं. एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून गळायला लागलं तर सील बदलायच्या आधी हा पाइप साफ करून बघा. आमचा थोडा तुंबला होता. फुकटात साफ झाला.

ऑइलच्या बाकीच्या जागा पटापट सांगतो. ऑइल फिल्टर बदलल्यानंतर लगेच गळायला लागलं तर जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली असेल आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला असेल. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. चेंबरच्या ड्रेन बोल्टचा वॉशर. ऑइल प्रेशरचा छोटा स्विच, जो कधीकधी आपल्या वायरमधूनच ऑइल सोडतो. आणि टायमिंग बेल्टच्या बाजूचं क्रँकचं किंवा कॅमचं सील. हे शेवटचं मात्र टाळू नका, कारण ऑइल लागलेला टायमिंग बेल्ट लवकर खराब होतो, आणि तो चालत्या गाडीत तुटला तर काही इंजिनांत वॉल वाकतात. तिथं मग पॅकिंगचा हिशोब राहत नाही.

किती गळतंय हे मोजायचं साधन तुमच्या गाडीतच आहे, डिपस्टिक. सपाट जागेवर, सकाळी गाडी चालू करण्याआधी, पुसून, परत घालून, काढून बघायची. वरच्या आणि खालच्या खुणेमध्ये छोट्या गाड्यांत साधारण लिटरभराचा किंवा त्याहून थोडा कमी फरक असतो. मी दर रविवारी डिपस्टिकचा फोटो काढतो, गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासकट. ऑइल कमी होतंय पण पुठ्ठा कोरडा आहे, आणि सकाळी सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर ते बाहेर गळत नाही, आत जळतंय. ते वेगळं दुखणं. आणि डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ असं करायचं नाही. तिथंच कडेला, इंजिन बंद.

तर काळा डाग बंद झाला. शेजारच्या काकांना मी कोरड्या पुठ्ठ्याचा फोटो ग्रुपवर टाकला. फार खूश होतो.

आता हिरवा डाग.

कूलंटच्या बाटलीतली पातळी दर दहा-बारा दिवसांनी दोन बोटं खाली जायची. मी नळाचं पाणी घालून वर आणायचो. जुनी गाडी आहे, पाणी पिणारच, असं मला वाटायचं. हे साफ चुकीचं आहे. कूलंट पेट्रोलसारखं संपायला नसतं. ती बंद साखळी आहे: इंजिन, होज पाइप, रेडिएटर, पंप, परत इंजिन. काही महिन्यांत चार-सहा मिलिमीटर उतरलं तर ठीक. दहा दिवसांत दोन बोटं म्हणजे ते कुठंतरी जातंय.

डिसेंबरची सकाळ. आम्ही सहाला साताऱ्याहून निघालो. तासवडेचा टोल, कराड, पेठ नाका. तिथून हायवे सोडून आष्ट्याच्या रस्त्याला लागलो. गार होतं म्हणून अण्णांच्या पायाकडं हीटर लावला होता. गळीत हंगाम चालू, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा. गाडीत गोडसर वास यायला लागला आणि मी म्हटलं, कारखान्याचा वास. त्या पट्ट्यात हंगामात तो असतोच. काचेवर आतून थोडी वाफ धरली होती, ती मी फडक्यानं पुसली.

आष्टा मागं पडलं आणि तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला. मी वेग कमी केला. मिनिटभरात काटा खाली आला, नेहमीपेक्षाही खाली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात मागून अण्णा म्हणाले, "अरे, पायाला गार लागतंय. हीटर बंद केलास का?"

मी बंद केला नव्हता. हीटर गार हवा टाकत होता आणि काटा खाली होता. मी हीटरचं बटण आणखी फिरवलं, फॅन वाढवला. चढावर ॲक्सिलेटर दाबला तर इंजिनातून खडखड आवाज आला. तेव्हा थांबलो. काटा वर गेल्यापासून दीड-दोन किलोमीटर झालं असेल.

काय झालं होतं ते मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगतो. काटा इंजिनाचं तापमान दाखवत नाही. तो कूलंटचं तापमान दाखवतो. त्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच निघून गेलं की सेन्सर हवेत उघडा पडतो, आणि मग इंजिन भाजत असलं तरी काटा खाली येऊ शकतो. हीटर तर कूलंटच्याच गरमीवर चालतो. आत गरम कूलंट पोचत नाही म्हटल्यावर तो गार हवाच फेकणार. काटा एकदा वर जाऊन अचानक खाली येणं आणि त्याच वेळी हीटर गार पडणं, हे दोन्ही एकत्र म्हणजे गाडी थंड झाली नाही, गाडी रिकामी झाली. अण्णांचे पाय त्या काट्यापेक्षा खरं सांगत होते.

बॉनेट उघडलं, वाफ आली. एक टेम्पोवाला दादा थांबला, भला माणूस. म्हणाला, टोपणावर ओलं फडकं टाकून उघड, पाणी ओत, आणि दुकानातून हळद आण, चार चमचे टाक, सांगलीपर्यंत आरामात जाशील.

गरम रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही. फडकं टाकूनही नाही. कारण सांगतो. टोपणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो बारमध्ये दाब. साधं पाणी 100 अंशाला उकळतं, तेही समुद्रसपाटीला. महाबळेश्वरला साधारण 95 अंशालाच उकळतं. टोपण एक बारच्या आसपास दाब धरून ठेवतं म्हणून तेच पाणी 120 अंशापर्यंत उकळत नाही. टोपण उघडलं की दाब एका क्षणात जातो आणि ते सगळं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. मे महिन्यात खंबाटकी घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या बघितल्या असतील. चढाला गाडीचा वेग कमी, म्हणजे वारा कमी, आणि इंजिनावर लोड जास्त, म्हणून तिथंच हीट होतात. तिथं टोपण उघडून भाजलेली माणसं दवाखान्यात जातात. पाऊण-एक तास थांबा, वरचा होज पाइप हाताला गार आणि मऊ लागला पाहिजे. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाऊ शकते.

मामाला सांगलीहून बोलावलं. त्याचं मार्केट यार्डात हळदीचं काम आहे, आणि हे ऐकून तो एवढा हसला की विचारू नका. "सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय मिळालाय, ते रेडिएटरात घालण्यासाठी नव्हे." पण हा जुगाड खोटा नाही. ड्रायव्हर लोक वर्षानुवर्षं करत आलेत. हळदीची पूड पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन अडकते. अडचण अशी की गळणारं भोक आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या यांतला फरक हळदीला कळत नाही. हीटरच्या नळ्या तर त्याहून बारीक. बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करायच्या पावडरींचंही थोडंफार असंच. निर्जन ठिकाणी अडकलात, दुसरा उपाय नाही, तर एकवेळ. नंतर सगळं फ्लश करावं लागतं.

मामा अण्णांना त्याच्या गाडीतून मिरजेला घेऊन गेला. दीड तास उशीर झाला, पण नंबर मिळाला. मी गाडी टो करून सांगलीत एका गॅरेजला नेली.

तिथल्या मिस्त्रींनी वॉटर पंप बघितला आणि मला बोलावून दाखवला. पंपाच्या पोटाला खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. आमच्या पंपाचं ते भोक कुणीतरी एम-सीलनं बुजवलं होतं. कधी, कुणी, माहीत नाही. गाडी चार-पाच हातांतून गेलीय. बुजवणाऱ्याला वाटलं असणार, इथून गळतंय ना, मग लिंपून टाकू.

संध्याकाळी अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ग्लँड आवळून टाकला म्हण की." आमच्या गावी, कोरेगावच्या बाजूला, विहिरीवर जुना पंप होता. त्याच्या शाफ्टभोवती दोरीसारखं पॅकिंग असतं, त्याला ग्लँड म्हणतात. तो आवळताना थेंब थेंब पाणी पडत राहील एवढंच आवळायचं. पूर्ण बंद केला तर शाफ्ट घासून तापतो आणि जळतो. तिथली गळती मुद्दाम ठेवलेली असते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, आधी नांगर आणि पुढं पंप काढले, ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे आणि ते औंध साताऱ्यात.

गाडीच्या पंपात ग्लँड नसतो, स्प्रिंगनं दाबलेलं सील असतं, आणि ते कोरडंच राहायला हवं. पण कधीतरी ते झिजतं. तेव्हा जे पाणी निसटेल ते बेअरिंगकडं जाऊ नये, बाहेर पडावं, म्हणून ते भोक. तिथं सुकलेली पांढरट-हिरवट पपडी थोडीशी दिसली तर लक्ष ठेवा. थेंब दिसला तर पंप बदला. भोक बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन काढतं, शाफ्ट डुलायला लागतो आणि मग एके दिवशी सगळं एकदम बाहेर येतं. आमचं तसंच झालं. मिस्त्रींनी पुली धरून हलवली तर ती चक्क खेळत होती. माझा रुपयाएवढा हिरवा डाग म्हणजे त्या बुजवलेल्या भोकाच्या कडेनं आलेला थेंब होता.

नवा पंप बसवल्यावर त्यांनी प्रेशर टेस्टर लावला. सायकलच्या पंपासारखी वस्तू, रेडिएटरच्या टोपणाच्या जागी बसते, वर गेज असतं. इंजिन बंद, थंड. हातानं एक बारपर्यंत हवा भरायची आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा खाली आला तर गळती आहे, आणि थंड असल्यामुळं थेंब वाफ होऊन उडत नाही, दिसतो. गाडी गरम असतानाच गळणारं कूलंट गरम पत्र्यावर पडून सुकून जातं, म्हणून पुठ्ठा कोरडा राहतो आणि बाटली मात्र उतरत राहते. आमचा काटा सावकाश खाली आला. खालच्या होज पाइपची क्लिप सैल निघाली. ती बदलली, मग काटा हलला नाही. कूलंट कमी होतंय असं वाटलं तर गॅरेजला जाऊन 'पाणी गळतंय बघा' असं म्हणू नका, 'प्रेशर टेस्ट करा' म्हणा. टोपणाचीही करून घ्या. त्याचं रबर गेलं तर दाबच राहत नाही.

टेस्टमध्ये काटा खाली येतो पण बाहेर थेंब कुठंच नाही, अशा वेळी दोन जागा उरतात. एक, हीटरची छोटी जाळी, डॅशबोर्डच्या आत. डाव्या सीटच्या पायाखालचा गालिचा ओला, काचेवर आतून चिकट वाफ, गोड वास. (माझ्या काचेवर तर वाफ होती, पण ती थंडीचीच निघाली. गालिचा कोरडा होता.) दुसरी जागा म्हणजे हेड पॅकिंग, म्हणजे कूलंट थेट इंजिनाच्या आत जातंय.

हेड पॅकिंगच्या नावानं लोक फार लवकर घाबरतात, आणि घाबरवतातही. ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय दिसली की लगेच 'हेड गेलं' म्हणतात. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर थंडीत नुसत्या दमटपणानं तशी साय धरते. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं ऑइलही चहासारखं दुधाळ असेल तर मात्र खरंच काळजी. बाकी खुणा अशा: थंड गाडी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणं, कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून जाड पांढरा धूर आणि तोही गोडसर. खात्री करायची असेल तर निळ्या पाण्याची टेस्ट असते. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी लावतात, तिच्यात निळं रसायन. आतून जळलेला गॅस येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं ते पिवळं होतं. हेड उतरवायला परवानगी देण्याआधी ही टेस्ट मागा. आमचं पाणी निळंच राहिलं. मी त्या गॅरेजच्या बाकावर बसून ती नळी बघत होतो तेव्हा पोटात गोळा आला होता, कारण हेड वाकलं असतं तर उतरवून, लेथवर घासून, परत बसवण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ गेला असता. पंप, क्लिप, कूलंट आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत भागलं. टो करणाऱ्याचे वेगळे.

कूलंटबद्दल एकच. आपल्याकडं बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, पाणीच घालू, असं मीही म्हणायचो. कूलंट इथं गंज आणि क्षार रोखायला लागतं. बोअरच्या जड पाण्यानं नळ्यांमध्ये चहाच्या भांड्यासारखा पांढरा थर धरतो आणि पंपाचं सील त्या खरखरीत पाण्यानं झिजतं. घट्ट कूलंट आणलं तर बॅटरीत घालतात तसलं डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं. बाटलीवर 'प्रीमिक्स' लिहिलं असेल तर पाणी घालायचं नाही. भरताना हीटर पूर्ण चालू ठेवायचा, सावकाश भरायचं, फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू द्यायचं, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. मग गार झाल्यावर पातळी परत बघायची.

आता सध्याची परिस्थिती. चेंबरच्या पॅकिंगमधून अजून थोडं ऑइल पाझरतंय. ओलसर दिसतं, थेंब पडत नाही. मिस्त्री म्हणाले, राहू दे, पुढच्या ऑइल चेंजला बघू. मीही राहू दिलंय, पण डिपस्टिकचे फोटो चालू आहेत आणि गेल्या सहा रविवारांत पातळी जागची हलली नाही. कूलंटच्या बाटलीवर मार्करनं रेघ आणि तारीख लिहिलीय. पुढच्या गुरुवारी परत मिरजेला जायचंय. अण्णांनी सांगितलंय की या वेळी हीटर त्यांच्याकडंच, आणि गार वाटलं की ते आधीच ओरडतील. काल रात्री पुठ्ठा परत टाकला होता. सकाळी त्यावर फक्त मांजराची पावलं होती.